वैशाखातल्या लग्नासाठी हिवाळ्यातली फुले

खानदेशात सर्वांत जास्त लग्ने होतात ती नेमकी फुलांना न मानवणाऱ्या दिवसांत. तुळशीचे लग्न लागले की मुहूर्त निघू लागतात हे खरे; पण शेतकऱ्याच्या घरातले लग्न कापूस विकला गेल्यावर, दादर (रब्बी ज्वारी) आणि गहू घरात आल्यावर आणि मुलांच्या परीक्षा संपल्यावरच उभे राहते. म्हणजे आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आगेमागे, चैत्र-वैशाखात, जेव्हा जळगाव-भुसावळचा पारा ४४-४५ अंशांवर असतो आणि दुपारी चार वाजता मांडवाचा कापडी पडदासुद्धा हाताला तापलेला लागतो. त्या दिवसांत झेंडू धरलाच तर फूल लहान येते आणि पाणी दुप्पट लागते. शेवंती आणि अ‍ॅस्टर केव्हाच संपलेली असतात. मग मांडवात जी फुले दिसतात ती पुण्या-नाशिककडच्या हरितगृहांतून रात्रीच्या गाडीने आलेली जरबेराची आणि गुलाबाची, क्वचित थायलंडहून विमानाने आलेली ऑर्किडची, आणि त्यांच्या मधल्या मोकळ्या जागा भरणारी प्लास्टिकची व कापडाची. गोरज मुहूर्ताची टाळी लागेपर्यंत खऱ्या फुलांच्या माना पडलेल्या असतात. टवटवीत राहते ते फक्त प्लास्टिक.

माझे म्हणणे असे आहे की खानदेशातल्या लग्नाची सजावट इथल्याच मातीत वाढलेल्या फुलांची असावी. कार्तिक-मार्गशीर्षातल्या लग्नात ती ताजी असावी आणि उन्हाळ्यातल्या लग्नात ती मुख्यतः हिवाळ्यात खुडून वाळवलेल्या फुलांची असावी. ही एखाद्या घराची हौस म्हणून मी मांडत नाही. लग्नसराईत तालुक्यातालुक्यातून सजावटीवर जो पैसा खर्च होतो, तो कुठे जातो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचा उकिरडा कोणाच्या शिवारात पडतो, हा सार्वजनिक प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर आपल्याला साधेल असे आहे.

साधेल असे म्हणते, कारण वाळवणाची विद्या खानदेशाला कोणी शिकवायला नको. कोकणात दमट हवेने जे चार दिवसांत बुरसते, ते आपल्याकडे चार दिवसांत खडखडीत वाळते. पापड, कुरडया आणि सांडगे तर घरोघर होतात. पण नंदुरबारच्या आसपास हिवाळ्यात मिरचीच्या पथाऱ्या ज्यांनी पाहिल्या आहेत, लाल गालिचासारखी पसरलेली ती मैदाने आणि त्यांत मिरची उलटत फिरणाऱ्या बाया ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना वाळवण हा घरगुती छंद नसून या प्रदेशाचा मोठा व्यवसाय आहे हे वेगळे सांगावे लागत नाही. फुलांचे वाळवण मात्र थोडे उलट्या रीतीचे असते. पापडाला ऊन हवे, फुलाला सावली. कडक उन्हात फूल वाळते खरे, पण रंग उडून ते फिके पडते. म्हणून दव उडून गेल्यावर, फूल पूर्ण उमलण्याच्या थोडे आधी खुडायचे, देठाची पाने काढून टाकायची, आठ-दहा देठांची जुडी रबराने बांधायची आणि वारा खेळणाऱ्या अंधाऱ्या खोलीत ती उलटी टांगायची. दोऱ्याने बांधलेली जुडी देठ आकसल्यावर सुटून पडते, रबर मात्र आकसत जाते, ही गोष्ट साधी असली तरी पहिल्या वर्षी माझी निम्मी फुले तिनेच घालवली. दोन-तीन आठवड्यांत देठ कडकन मोडू लागला की फूल तयार झाले. टांगून न वाळणारा गुलाबासारखा नाजूक जिन्नस बारीक, कोरड्या वाळूत पुरून ठेवला तर त्याचा आकार टिकतो.

सगळी फुले सारखी वाळत नाहीत आणि इथे निवड महत्त्वाची ठरते. आपल्या अंगणातले जांभळे, गोल बटणफूल झाडावर असतानाच कागदासारखे लागते आणि वाळल्यावर कित्येक महिने रंग सोडत नाही. कोंबडा या फुलझाडाचा मखमली तुरा वाळून अधिकच गडद होतो. बोगनवेलीची तर गोष्टच निराळी. आपण तिचे फूल म्हणतो ते खरे तर रंगीत पान असते, तिला पाणी कमी पडले की ती जास्त फुलते, आणि त्यामुळे ऐन मे महिन्यात, सारे शिवार भुरे पडलेले असताना, विहिरीच्या काठावर आणि रेल्वेच्या जुन्या वसाहतींच्या कुंपणांवर तीच तेवढी पेटलेली दिसते. तीच ताजी वापरा, तीच वाळवून वापरा. ताज्या फुलांत मोगरा हा उन्हाळ्याचाच आहे, तेव्हा वेणी, गजरे आणि वरमाला यांसाठी बाहेर पाहण्याचे कारण नाही. झेंडूचे अख्खे फूल वाळून सुरकुतते, पण त्याची माळ गंजासारख्या तांबूस-केशरी रंगाची सुंदर दिसते आणि सुट्या पाकळ्या तर उत्तमच. दसऱ्याला भाव पडला की बाजारातून परत न नेता रस्त्याकडेला ओतून दिलेले झेंडूचे ढीग आपण सर्वांनी पाहिले आहेत. त्या ढिगाचे वाळवण झाले असते तर तेच फूल वैशाखात विकले गेले असते, हा विचार मला दर दसऱ्याला अस्वस्थ करतो.

आणि फूल म्हणजे केवळ बागेतले फूल असेही नाही. खरिपाच्या ज्वारीत, कपाशीत तण म्हणून उपटला जाणारा कुरडू घ्या. कोवळा असताना आपण त्याची भाजी करतो, पुढे भाद्रपद-आश्विनात त्याला रुपेरी-गुलाबी तुरे येतात आणि ते वाळवल्यावर जसेच्या तसे राहतात. बाजरीची लांब कणसे खरिपाच्या शेवटी मिळतात; दादरीची भरलेली कणसे आणि गव्हाच्या ओंब्या माघ-फाल्गुनात हाताशी येतात, म्हणजे लग्नसराईच्या तोंडावर. पऱ्हाटीवर फुटलेली कापसाची पांढरीशुभ्र बोंडे परदेशांत सजावटीसाठी देठासकट विकत घेतली जातात. आपण तीच पऱ्हाटी बांधावर जाळतो. इथे एक गोष्ट मात्र सांगितलीच पाहिजे, कारण ती न सांगता हा सल्ला देणे शेतकऱ्याशी प्रामाणिकपणाचे होणार नाही. हंगाम संपल्यावर पऱ्हाटी साठवून ठेवली तर न फुटलेल्या बोंडांतून गुलाबी बोंडअळी पुढच्या हंगामात येते. तेव्हा सजावटीसाठी फक्त पूर्ण फुटलेली, स्वच्छ बोंडे पहिल्या-दुसऱ्या वेचणीच्या वेळीच देठासह कापून घ्यावीत आणि बाकीची पऱ्हाटी वेळेवर शेताबाहेर काढावी. हारा-तोरणांसाठी दोरा हवा असेल तर रावेर-यावलच्या केळीच्या बागांत सोपटाला तोटा नाही. फुलमाळी पूर्वी त्यातच गजरे बांधत.

आता मुख्य आक्षेप. माझ्या पुतणीच्या लग्नात आम्ही हा प्रयोग करायचे ठरवले, तेव्हा आमच्या आजेसासूबाईंनी एकच वाक्य उच्चारले : “वाळेल फूल देवले चालत नही.” हा आक्षेप मी हलका मानत नाही. आपल्या मनात वाळलेले फूल म्हणजे निर्माल्य, आणि निर्माल्याची जागा मांडवात नसून नदीत किंवा तुळशीच्या मुळाशी असते. पण ही भावना नेमकी कशाबद्दल आहे हे नीट पाहिले पाहिजे. देवाला वाहून झालेले फूल ते निर्माल्य. वाळणे हे त्याचे निर्माल्यपण नव्हे, वाहिले जाणे हे आहे. सकाळी वाहिलेले जास्वंद संध्याकाळी ताजे दिसले तरी ते निर्माल्यच असते. उलट मुद्दाम वाळवलेल्या वस्तूंना आपल्या लग्नात पदोपदी मान आहे. हळकुंड वाळलेले, सुपारी वाळलेली, ओटीतले खारीक-खोबरे वाळलेले. ज्या पळसाच्या पत्रावळींवर आपल्या आजोबा-पणजोबांच्या पंगती उठल्या, त्या वाळलेल्या पानांच्या. पूर्वीची बाशिंगे भेंडाची, म्हणजे वाळलेल्या गराचीच असत. आणि दसऱ्याला चौकटीवर बांधलेले झेंडूचे तोरण कित्येक घरांत पुढच्या दसऱ्यापर्यंत तसेच असते. त्याखालून नवी सून माप ओलांडून आत येते आणि त्या वाळलेल्या तोरणाला कोणी अशुभ म्हणत नाही.

म्हणून मी पूजेचे फूल आणि शोभेचे फूल असा भेद करते. देवक, गणपतीपूजन, वरमाला, मुंडावळ्या, जोडप्याच्या डोक्यावरचे फूल हे सारे ताजेच असावे, आणि ते लागतेही थोडे. गावातला फुलमाळी ते सहज पुरवू शकतो. मांडवाची कमान, खांब, मंचामागची भिंत, पंगतीची जागा, पाहुण्यांचे स्वागतद्वार ही शोभेची ठिकाणे आहेत. तिथे वाळवलेल्या फुलाला कोणताही विधी आड येत नाही. आजेसासूबाईंना हा भेद पटला. त्यांनीच पुढे सांगितले की मांडवावर आंब्या-जांभळाचे डहाळे मात्र हिरवेच हवेत, आणि ते त्या म्हणाल्या तसेच झाले.

त्या लग्नाबद्दल थोडे अधिक लिहिते, कारण अनुभवाशिवाय अशी मते मांडणे मला बरोबर वाटत नाही. आम्ही आषाढात दोन गुंठ्यांत बटणफूल आणि कोंबडा लावला, मिरचीच्या कडेने झेंडू लावला. मिरची-टोमॅटोच्या जवळ झेंडू असला तर मुळांवरच्या सूत्रकृमींना आळा बसतो आणि कपाशीच्या कडेचा झेंडू अमेरिकन बोंडअळीच्या पतंगांना स्वतःकडे ओढतो, त्यामुळे त्या ओळी लग्न नसते तरी वाया गेल्या नसत्या. दिवाळीपासून माघापर्यंत दर आठवड्याला खुडणी झाली. धान्याच्या रिकाम्या खोलीत बांबू आडवे बांधून जुड्या टांगल्या. कणसांवर उंदरांनी हात मारला आणि दादरीची निम्मी कणसे गेली. ती पत्र्याच्या पेटीत ठेवायला हवी होती. खिडकीजवळच्या जुड्या उन्हाच्या तिरिपेने फिक्या झाल्या. पण वैशाखातल्या त्या दुपारी, शेजारच्या मांडवातली जरबेराची फुले माना टाकत असताना, आमची जांभळी-किरमिजी कमान सकाळी होती तशीच संध्याकाळी होती. खर्च कमी झाला का, असे मला अनेकांनी विचारले. मजुरी धरली नाही तर पुष्कळ कमी झाला. घरच्या बायांची मजुरी धरली तर फारसा कमी झाला नाही. हे मी मुद्दाम सांगते, कारण घरच्या बाईचे काम फुकट धरून ‘स्वस्त’ म्हणण्याची आपली सवय चुकीची आहे. या पद्धतीचा खरा फायदा खर्च वाचण्यात नाही, तो पैसा गावात राहण्यात आहे.

प्लास्टिकच्या फुलांबद्दल मात्र मला कोणतीही तडजोड मान्य नाही. महाराष्ट्राने मार्च २०१८ मध्ये प्लास्टिक आणि थर्माकोलच्या वस्तूंवर बंदी घातली. १ जुलै २०२२ पासून देशभर एकदाच वापरायच्या ज्या प्लास्टिक वस्तू बंद झाल्या, त्यांत सजावटीचा थर्माकोलही आहे. प्लास्टिकची फुले त्या यादीत नाहीत. त्यांवर बंदी घालावी ही फूलउत्पादक शेतकऱ्यांची मागणी जुनी आहे आणि २०२५ च्या पावसाळी अधिवेशनात ती आमदारांनी विधिमंडळातही मांडली. या फुलांच्या बाजूने एकच मुद्दा सांगितला जातो, की ती पुन्हा पुन्हा वापरता येतात. वाळवलेले बटणफूलही नीट ठेवले तर त्या सराईतल्या तीन-चार लग्नांना पुरते, आणि शेवटी उकिरड्यावर गेले तरी त्याचे खत होते; प्लास्टिकचे फूल चार लग्नांनंतर धुळकट होऊन पांझरेच्या किंवा गिरणेच्या पात्रात जाते आणि तिथेच राहते. खऱ्या फुलांच्या सजावटीतही एक लपलेले प्लास्टिक आहे, त्याकडे लक्ष वेधते. फुले खोचण्यासाठी जो हिरवा, ओला स्पंजसारखा ठोकळा वापरतात, तो प्लास्टिकचाच प्रकार आहे. तो कुजत नाही, नुसता चुरा होतो. ब्रिटनमधल्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीने २०२१ पासून आपल्या प्रदर्शनांत त्याला मनाई केली. वाळवलेल्या फुलांना पाणीच लागत नसल्याने हा ठोकळा आपोआप निकाली निघतो. कडब्याची घट्ट पेंढी बांधली की तिच्यात सारे खोचता येते.

फूल ‘आपले’ कशाने ठरते, याविषयीही थोडा घोळ असतो. झेंडू आणि निशिगंध मेक्सिकोतून आले, शेवंती चीनमधून, बोगनवेल दक्षिण अमेरिकेतून. त्यांचे मूळ कोठेही असो, ती आज आपल्या पाण्यावर, आपल्या हातांनी वाढतात, म्हणून ती आपली. उलट सातपुड्यातला पळस अस्सल इथला आहे. पण जंगलात शिरून फांद्या तोडून आणलेल्या पळसफुलांची कमान मला मुळीच नको आहे. रानातले फूल रानात राहू द्यावे आणि लग्नासाठी आपण लावलेलेच खुडावे.

फूलउत्पादक शेतकऱ्यांचे आणि सजावट करणाऱ्या कारागिरांचे काय, असा प्रश्न काही जण विचारतात आणि तो रास्त आहे. प्रत्येक घराने स्वतःची फुले पिकवली तर ज्याचे पोट फुलांवर आहे त्याने काय करावे? पण प्रत्येक घर ते करणार नाही आणि तसे करूही नये. दोन गुंठे, आठ महिन्यांचे लक्ष आणि एक अंधारी खोली हे ज्यांच्याकडे नाही, अशीच घरे जास्त आहेत. म्हणून ‘घरची फुले’ याचा अर्थ मी ‘गावची फुले’ असा करते. पूर्वी लग्न ठरले की फुलमाळ्याला, गुरवाला, कुंभाराला निरोप जात असे. त्या व्यवस्थेतली जातीची उतरंड जावी हेच बरे, पण लग्नाचा माल दहा कोसांच्या आत तयार होई हे तिच्यातले चांगले होते. आज ते काम महिलांचे बचत गट करू शकतात. पापड-मसाल्यांच्या जोडीला फुलांचे वाळवण हे त्यांच्यासाठी सरळ पुढचे पाऊल आहे, आणि सजावट करणारा कारागीर त्यांच्याकडूनच माल घेऊ शकतो. त्याची कला प्लास्टिकवर अवलंबून नाही. आमच्या लग्नातली कमान अशाच एका तरुण कारागिराने बांधली आणि कणसांची मांडणी कशी करावी हे त्यानेच आम्हाला शिकवले.

खरा अडसर आहे तो मंगल कार्यालयांचा. तालुक्याच्या गावी आता बहुतेक लग्ने कार्यालयात होतात, आणि पुष्कळ ठिकाणी भाड्यातच सजावट बांधलेली असते. बाहेरची फुले आणायची तर वेगळे पैसे मोजावे लागतात किंवा सरळ नकार मिळतो. आम्ही ज्या कार्यालयात आधी चौकशी केली, तिथे आमचे ऐकूनही न घेता ठरलेल्या तीन छायाचित्रांतून एक निवडायला सांगण्यात आले. शेवटी आम्ही लग्न शेतातल्या मांडवातच केले. ज्याच्या घरचे लग्न आहे त्याला सजावट निवडण्याचा अधिकार नसावा, हे मला अन्यायाचे वाटते. नगरपालिका आणि ग्रामपंचायती आपल्या सभागृहांच्या भाडेपत्रात एवढी एक अट घालू शकतात की यजमानाला स्थानिक फुलांची सजावट स्वतः करण्याची मुभा राहील आणि प्लास्टिकची फुले आत येणार नाहीत. निदान सार्वजनिक पैशाने बांधलेल्या सभागृहांत तरी ही सुरुवात व्हावी.

कार्यालयांचा एक आक्षेप मात्र मी पूर्णपणे मान्य करते : वाळलेली वस्तू पेट घेते. ४४ अंशांच्या हवेत, कापडी मांडवात, जळत्या दिव्यांशेजारी कापसाची बोंडे आणि वाळकी कणसे टांगणे हे धोक्याचे आहे. होमकुंड, समई आणि आचाऱ्याच्या भट्ट्या यांच्यापासून ती बरीच दूर असली पाहिजेत, तापणाऱ्या हॅलोजनऐवजी एलईडी दिवे हवेत, आणि वाळू-पाण्याच्या बादल्या हाताशी हव्यात. कापसाची बोंडे आम्ही मंचाजवळ येऊच दिली नाहीत. ती फक्त स्वागतद्वाराशी, मोकळ्या हवेत, मातीच्या माठांत होती.

अक्षतांविषयी एक सूचना. शेकडो माणसे मूठमूठ तांदूळ उधळतात आणि तो पायदळी जातो, याची खंत बहुतेकांना असते, पण त्याला पर्याय सुचत नाही. ब्रिटनमध्ये वुस्टरशर परगण्यात केवळ पाकळ्यांसाठी डेल्फिनियमची शेते लावली जातात आणि त्या वाळवलेल्या पाकळ्या वधूवरांवर उधळतात. आपण मंगलाष्टकांच्या विधीपुरते तांदूळ घरच्या वडीलधाऱ्यांच्या हाती द्यावेत आणि बाकीच्या पाहुण्यांना वाळलेल्या झेंडूच्या व गुलाबाच्या पाकळ्या. तेवढ्याने दसऱ्याच्या उरलेल्या झेंडूला हक्काचा गिऱ्हाईक मिळेल.

एक अडचण उरते आणि ती वेळेची आहे. लग्न ठरते माघात, कधी फाल्गुनात. फुले पेरावी लागतात आषाढ-श्रावणात. मुलगी पाहायला पाहुणे येण्याच्या आधी तिच्या लग्नाची फुले लावून ठेवणारे घर विरळाच, आणि आमच्याकडे ते जमले याचे कारण एवढेच की तिचे लग्न वर्षभर आधी ठरून शिक्षणासाठी थांबलेले होते. म्हणूनच हे काम एकट्या घराचे नाही. लग्ने कोणाची होतील हे आषाढात माहीत नसते. पण पुढच्या चैत्र-वैशाखात पंचक्रोशीत पाच-पंचवीस लग्ने होणार, हे प्रत्येक गावाला ठाऊक असते. एवढ्या भरवशावर एखाद्या बचत गटाने यंदाच्या आषाढात पाच गुंठे बटणफूल, कोंबडा आणि झेंडू लावावा, दिवाळीपासून खुडणी धरावी आणि माघात पहिल्या सुपाऱ्या फुटू लागल्या की वाळलेल्या जुड्या घेऊन त्या घरांच्या दारात जावे. त्या जुड्या पावसाळ्याच्या आत खपल्या पाहिजेत, कारण मृगाची ओल लागली की त्या बुरसतात. पण आपली लग्नसराईही मृगाच्या आतच संपते.